नावाखालची कड

धान कापायला आलं की आमच्या वडशाच्या हवेला वास सुटतो. ओल्या तणसाचा, राईस मिलच्या कोंड्याच्या धुराचा आणि नव्या ऑईल पेंटचा. पहिले दोन वास सगळ्या झाडीपट्टीला ठाऊक आहेत, तिसरा आमच्या गावाचा. दिवाळी सरली की नाटक मंडळ्यांची ऑफिसं उघडतात, पडदे रंगवून भिंतींवर वाळत टाकतात, तालमीच्या पेटीचे सूर गल्लीत येतात आणि भाजी घ्यायला गेलं तरी कानावर एकच विषय, की यंदा कोणाचं नाटक चालते. लोकांना हे दिवस फार आवडतात. मलाही आवडायचे. आता तो पेंटचा वास आला की मी खिडकी लावून घेते आणि मशीनच्या पायडलवर जोरात पाय मारते.

मी कपडे शिवते. हंगामात नाटकाचे शिवते, राजाचे अंगरखे, खलनायकाचे कोट, नाचणाऱ्या पोरींचे घागरे. आमचे हे, हेमराज, डेंटर आहेत. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, रंग मारायचा. माझी मशीन पडवीत आणि यांचं गॅरेज अंगणात, त्यामुळे माझ्या घागऱ्यांना पत्र्याचा भुसा आणि यांच्या हातोड्याला जरीचा धागा, असं आमचं संसाराचं चाललेलं.

बाहेरच्यांना सांगावं लागतं, आमच्याकडे नाटक थेटरात होत नाही. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत होतं. बांधी वरून वाळलेली दिसते, धसकटं तळव्याला टोचतात, पण बोटभर खाली चिखल असतो. बारीक टायरची गाडी आत घातली की वरची पापडी फोडून बसलीच म्हणून समजा. मग पेटीवाला, नाचणाऱ्या पोरी, सगळे उतरून ढकलतात, आणि संध्याकाळी ज्यानं राजा व्हायचं तो दुपारी गुडघाभर चिखलात. म्हणून कार्तिक लागला की मंडळ्यांचे ड्रायव्हर आमच्या अंगणात हजर. "हेमराजभाऊ, चौडे टायर टाकून द्या जी."

टायर चौडा झाला की मडगार्डला लागतो. मडगार्डचा पत्रा चाकावर कमानीसारखा येतो आणि त्याची शेवटची बोटभर कड आतल्या बाजूला वळलेली असते. हात फिरवून बघा कधी, चिरेल. ती कड आणखी वर वळवून पत्र्याला आतून चिकटवून टाकायची, म्हणजे टायरला जागा होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, हे तर परकराचा काठ दुमडण्याचंच काम झालं. हे म्हणाले, "तुह्या परकरानं माणूस मरत नाई." हसत म्हणाले होते. मीही हसले होते.

मोठ्या शहरात या कामाचं यंत्र मिळतं म्हणे. आमच्याकडे मुसळ होतं, माझ्या मायचं. माय त्यानं जन्मभर धान कांडत आली. मिल आल्यावर ते कोपऱ्यात पडलं, आणि लग्नात तिनं ते माझ्यासोबत दिलं, मिरच्या कुटायला. यांनी त्याच्या टोकाचं लोखंडी कडं काढून टाकलं आणि कामाला लावलं. मुसळ टायर आणि कड यांच्या मधे घालायचं, हीट गननं पत्रा गरम करायचा म्हणजे कंपनीचा रंग तडकत नाही, आणि गाडी मुंगीच्या पावलानं पुढेमागे न्यायची. टायर मुसळाला फिरवतो, मुसळ कडेवरून लाटण्यासारखं फिरतं, आणि पत्रा कुरकुरत वर वळतो. एकट्याचं काम नाही. एकानं मुसळ धरायचं, दुसऱ्यानं स्टेअरिंग. स्टेअरिंगवर मी.

मी गाडी शिकले ती अशी. पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि खालून यांचा आवाज, "हळू, हळू, अवं हळू ना!" रस्त्यावर कधी गाडी नेली नाही, पण अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी केवढी गाडी चालवली असेल! शेजारची किराणावाली भिंतीवरून विचारायची, "का जी बाई, कुठी निघाल्या?" मी म्हणायची, "नागपूरले. येतं का?" माय असेपर्यंत ती कधी आली तर ओट्यावर बसून बघायची आणि म्हणायची, "माह्या मुसळानं आता लोखंड कांडून राह्यले बाप्पा." आपल्या मुसळाचं तिला कौतुक वाटायचं.

तिच्या मागं मी आणि सुमेध, माझा धाकटा भाऊ. मायनं आम्हाला धानाच्या रोवणीच्या मजुरीवर वाढवलं. पाठ वाकलेली, पाय चिखलानं कुजलेले, आणि तोंडात सारखं कोणतंतरी गाणं. ती गेली त्याच्या पुढच्याच हंगामात सुमेधनं जुनी जीपगाडी घेतली आणि एका मंडळीचे कलाकार गावोगाव न्यायचं काम धरलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. बायको सुजाता, अंगणवाडीत मदतनीस, बोलायला कमी, हसायला बरी. गाडी घरी आली तर हा पठ्ठ्या आधी पडदे रंगवणाऱ्या पेंटरकडे गेला आणि मागच्या डाव्या मडगार्डवर मायचं नाव लिहून आणलं. मंजुळाबाई. निळी अक्षरं, पांढरी किनार. चाकाच्या कमानीसोबत वळत गेलेली, अक्षरांचे पाय थेट कडेवर टेकलेले.

मी म्हटलं, "डाव्या बाजूनंच काऊन रे?"

"अवं बाई, लोकं डाव्या बाजूनं चढतात. चढणाऱ्याले माय दिसली पाह्यजे."

असं काही तो बोलून जायचा. मी पदरानं नाव पुसलं, धूळ नव्हती तरी.

मग चौडे टायर आले. तीन चाकांच्या कडा नीट वळल्या. चौथं ते डावं मागचं. यांनी कोपऱ्याला हीट गन दाखवली मात्र, पेंटरचा ऑईल पेंट लगेच फुगला. सुमेध ओरडला, "भाऊजी, थांबा थांबा! मायचं नाव जळून राह्यलं!"

"ऑईल पेंट हाये, फुगनच तो. कड वळवली का अक्षरं तडकतीन. पुन्हा लिहून घेजो."

"पेंटर पडदे घेऊन गेला ना सिरोंच्याकडं. आन् उद्या मंडई हाये."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, पाहुणे, दंडारीचा नाच आणि नाटक. हंगामाचा पहिला प्रयोग मंडईतच असतो, आणि पहिल्या प्रयोगाला गाडी उभी राहिली तर मंडळी दुसरी गाडी बघते.

"मंग बारीक टायरवर जा उद्या."

"फसन ना जी बांधीत. भाऊजी, नावाखालची तेवढी सोडून द्या. वीतभर तर हाये."

यांनी मान हलवली. पण सुमेध पुढ्यात उकिडवा बसला, हात जोडून, खोटंखोटं रडत. सुजाता दारातून हसत होती. मी स्टेअरिंगवर. यांनी टायर आणि कड यांच्या मधे हात घातला. हात सरळ आत गेला आणि बाहेर आला. मला म्हणाले, "ने पुढं. घे मागं." कान लावून ऐकलं. घासण्याचा आवाज नाही. "लागत नाई," म्हणाले. "राहू दे मंग."

मायचं नाव राहिलं म्हणून मला त्या वेळी बरं वाटलं. का खोटं बोलू?

आम्ही ती गाडी रिकामी तपासली. सगळेच तसं तपासतात, अजूनही. अंगणात गाडी उभी असते, आत स्टेअरिंगवर एखादी माझ्यासारखी काडी, आणि हात घालून म्हणायचं, लागत नाही. आमच्या भागात कोणती गाडी रिकामी धावते हो? मधल्या सीटवर मांडीवर मांडी, मागं पाटावर गुडघ्याला गुडघे, टपावर बोचकी, दाराला लटकलेला एखादा. मी कलाकाराचं माप उभ्यानं घेते, पण अंगरखा घातला की त्याला म्हणते, आता बस, वाक, तलवार उचल. उभ्या माणसाला कापड कधी काचत नाही. हे साधं कपड्याचं शहाणपण अंगणातल्या गाडीला कोणी लावलं नाही. माझी मशीन दहा पावलांवर होती, पण कपडे ते कपडे आणि गाडी ती गाडी.

हंगाम फार छान गेला. हे लिहायला जड जातं, पण छानच गेला. सुमेध सकाळी यायचा, डोळे लाल, अंगाला चेहऱ्याच्या पावडरीचा वास, केसात तणसाची काडी. चहात पोळी बुडवून खायचा आणि रात्रीचं नाटक करून दाखवायचा, खलनायकासकट. कुठं राजाची मिशी गळून पडली, कुठं बांधीत साप निघाला आणि अख्खं पब्लिक उभं राहिलं. गाडी एकदाही फसली नाही. तो अंगणातूनच ओरडायचा, "भाऊजी, टायर म्हंजे टायर!" आणि यांची मान ताठ.

कुरखेड्याकडच्या एका गावात प्रयोग इतका रंगला की लोक सकाळी मंडळीला जाऊ देईनात. घरोघरून सूपभर, टोपलीभर नवं धान आलं. असं धान मिळणं म्हणजे मंडळीचा मान. त्याची पोती मागं पायाखाली टाकली, वर कलाकार बसले, आणि गावातली चार माणसं, सोडून दे ना बाबू कुरखेड्यापर्यंत म्हणत, तीही चढली. डाव्या बाजूनं. सुमेध कोणाला नाही म्हणणारा नव्हताच.

धुकं उतरत होतं. जंगलातल्या वळणाच्या पुढं रपटा आहे, नाल्यावरचा बुटका पूल, त्याच्या खड्ड्यात गाडीचं मागलं अंग दबलं. मागं बसलेला पेटीवाला सांगतो, फटाका फुटल्यावानी आवाज झाला, आणि मग ऐनाचं झाड समोरून आलं. ड्रायव्हरच्या बाजूनं. बाकीच्यांना लागलं, हातपाय मोडले, जगले. सुमेध जागेवर गेला. धान सगळं रस्त्यावर सांडलं होतं, आणि लोक जखमींना उचलताना धानावर पाय पडू नये म्हणून वाकडे पाय टाकत होते, असं यांनी मला सांगितलं. एवढंच सांगितलं त्या दिवशी.

सगळे म्हणत होते, रात्रभर जागा होता, डुलकी लागली असन. पोलिसांनीही तेच धरलं. तिथंच राहू दिलं असतं तर कोणाचं काय जात होतं? पण आमचे हे त्या फुटलेल्या टायरमध्ये बोट घालून आले होते. टायर खांद्यापाशी सरळ चिरलेला, ब्लेडनं चिरावा तसा. माती देऊन आल्यावर ते सुजाताच्या पुढ्यात जाऊन बसले, बायका भोवती बसलेल्या असताना.

"त्याले झोप नाई लागली," म्हणाले. "कडेनं टायर कापला. म्या सोडलेली कड."

सुजातानं त्यांच्याकडे पाहिलं. बोलली नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कित्येक महिने नाही. माहेरी गेली, अंगणवाडीसाठी परत आली, रस्त्यात दिसली की पदर सारखा करून पुढे जायची.

मी मात्र घरी येऊन यांच्यावर तोंड सोडलं. "तुमाले कोणी विचारलं होतं का जी? डुलकी म्हणत होते तर म्हणू द्यायचं होतं!" मग सुमेधवर चिडले, मेल्यावर माणसावर चिडता येतं का, पण चिडले. हट्टी मेला, एक दिवस बारीक टायरवर गेला असता तर काय झालं असतं! शेवटी मायवर राग आला. ती बिचारी सरणावर गेलेली, तिला तर लिहिताही येत नव्हतं. हे सगळं ऐकत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही.

पुढच्या हंगामात ड्रायव्हर आले. हे म्हणाले, ते काम बंद. का, कशाला, लोकांना ठाऊकच होतं, कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मुसळ मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभं केलं. त्यानं मिरची कुटायची माझी छाती झाली नाही. ठाण्यातून सोडवलेली जीप अंगणात मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आली, आणि हाताला काम नसलं की हे तिच्यापाशी जाऊन बसत. समोरचं चेपलेलं तोंड सरळ केलं. ड्रायव्हरचं दार ठोकून ठोकून पुन्हा बसवलं, काच लावली, रंग मारला. डावं मागचं मडगार्ड तेवढं ठेवलं. ते धुतलंही नाही. मायच्या नावावर त्या रस्त्याचा चिखल वाळून राहिला. पावसाळे आले, गेले, ताडपत्री बदलली, चिखल तसाच.

यंदा धान कापणीत एका दुपारी सुजाता आली आणि उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं. तिनं ते घेतलं आणि सगळं प्यायली.

"बाई, गाडी विकून टाकते. अहेरीचा माणूस हाये, बाजाराच्या सवाऱ्या न्यायले पाह्यजे म्हणते."

दुसऱ्या दिवशी तो अहेरीचा माणूस आला, सोबत चौडे टायर घेऊनच. खनिजाच्या ट्रकांनी तिकडचे रस्ते फोडून ठेवले आहेत, बारीक टायरनं भागत नाही. यांनी टायर पाहिले, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "टायर मी लावून देतो. पण मागच्या डाव्या चाकाची कड वळवल्याबिगर गाडी या अंगणातून बाहेर नाई जाणार."

"मंग वळवा ना जी. कोण मना करते?"

त्याला काय ठाऊक! यांनी माझ्याकडे पाहिलं. सुजातानंही माझ्याकडेच पाहिलं. "तुमची माय हाये, बाई," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मायचा फोटो आमच्याकडे नाही. कोणी कधी काढलाच नाही. डोळे मिटले की हल्ली मला तिचा चेहरा धड आठवत नाही, फक्त वाकलेली पाठ दिसते. एवढी थोरली अक्षरं करून तिचं नाव जगात एकाच ठिकाणी कोणी लिहिलं असेल तर ते त्या पत्र्यावर, आणि लिहवून घेणारा ते वाचवायला गेला. मला ते पाहिजे होतं. गाडी जळो, विक्री जळो, तो पत्रा कापून माझ्या भिंतीला लावून द्या, असं मी बोलणारच होते. पण मडगार्ड कापलं तर गाडी कोण घेणार, आणि तसंच ठेवलं तर उद्या अहेरीच्या बाजारात टोपल्या घेऊन बाया त्याच डाव्या बाजूनं चढणार. मायसारख्याच बाया.

मी आत गेले आणि दारामागचं मुसळ आणून यांच्या हातात दिलं. म्हटलं, "धरा नीट."

आधी मी ओल्या फडक्यानं चिखल पुसला. नाव परत वर आलं, निळं, काल लिहिल्यासारखं. मग स्टेअरिंगवर बसले. पहिला गिअर, अर्धा क्लच. हीट गनचा आवाज सुरू झाला, आणि जळत्या पेंटचा तो घशाला लागणारा वास आला. खालून यांचा आवाज, "हळू." एवढाच. पत्रा कुरकुरला. डाव्या आरशात मला निळ्या खपल्या अंगणात पडताना दिसत होत्या. मी रडत होते आणि क्लच सोडत होते. पुढं, मागं, पुढं, मागं. मायच्या मुसळानं मायचं नाव फुटत होतं, आणि ते मीच चालवत होते. सुजाता अंगणातल्या जांभळीच्या झाडाखाली उभी राहून सगळं बघत होती.

कड पुरी वळली. हे उठले, मुसळ भिंतीला टेकवलं आणि गल्लीत जाऊन ओरडले, "या जी सगळे! गाडीत बसा!"

लोकांना कळेना. पण हेमराजभाऊंनी हाक मारली म्हणून आले. किराणावाली आली, अंगरखा न्यायला आलेला कलाकार आला, मिलवरून घरी चाललेल्या बाया आल्या. शेजारून धानाची पोती आणून यांनी मागं टाकली आणि त्यावर माणसं बसवली. मी त्या चाकाच्या वरच बसले. "अजून," हे म्हणायचे, "अजून या." तो अहेरीचा माणूसही मधल्या सीटवर अंग चोरून बसला. कोणीतरी गमतीनं म्हणालं, "कोणत्या मंडईले नेता जी?"

हे खाली वाकून बघत होते. म्हणाले, "ड्रायव्हरच्या जागी कोणी नाई बसलं."

ती जागा रिकामीच होती. इतकी दाटी झाली होती, बाया एकमेकींच्या मांडीवर होत्या, तरी तिथं कोणी सरकलं नव्हतं. हे पुन्हा म्हणाले, "वजन पुरं पाह्यजे." कोणी हललं नाही. तेव्हा सुजाता जांभळीखालून निघाली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, यांनी ठोकून बसवलेलं ते दार उघडलं आणि आत बसली. स्टेअरिंगला तिनं हात लावला नाही, मांडीवर ठेवले.

गाडी आणखी थोडी दबली. हे गुडघ्यावर बसले आणि टायर आणि मडगार्डच्या मधे हात घातला. "हला जी सगळे," म्हणाले. आम्ही वेड्यासारखे जागच्या जागी उड्या मारल्या. त्यांचा हात आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

"लागत नाई," म्हणाले.

सुजातानं मागं वळून पाहिलं नाही. काचेकडे बघतच म्हणाली, "भाऊजी, तवा आमाले असंच काऊन नाई बसवलं?"

यांचा हात आतच होता. मी वरून त्यांच्या पाठीकडे बघत होते. उतरायला कोणी निघालं नाही, आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.